डॉक्टरीणबाईंचा सत्कार

काकासाहेबाला खोटं बोलायला कधी जमलं नव्हतं. लहानपणी शेजारच्या बांधावरची बोरं चोरली, तरी कुणी विचारायच्या आत स्वतःच खिसे उलटे करून दाखवणारा हा माणूस. पन्नाशीला आल्यावर तो एकदा खोटं बोलला, आणि असं बोलला की सगळं गाव जेवायला बसलं.

झालं होतं एवढंच. सप्ताहाचे दिवस होते. सकाळी दूध डेअरीवर सरपंच छगन पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. त्याच्या पार्थचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. पेढा हातावर ठेवत त्यानं सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुझ्या ज्ञानेश्वरीचं काय रं? दोन डाव नीटची परीक्षा दिली म्हनं. काय झालं मंग?"

ज्ञानेश्वरीनं नीटचा नाद केव्हाच सोडला होता. ती आपल्या आत्याबरोबर, म्हणजे काकासाहेबाच्या थोरल्या बहिणीबरोबर, नगरला जाऊन नर्सिंगची प्रवेश परीक्षा देऊन आली होती. अर्जही तिथंच बसून भरला होता, आणि आदल्याच दिवशी तिला नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगची जागा मिळाली होती. काकासाहेबाला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं पेढा चावायचं निमित्त करून वेळ काढला. मग म्हणाला, "लागला की नंबर. डॉक्टरकीला. नगरलाच."

त्या क्षणाला त्याला वाटलं, सुटलो. दुधाचं कॅन घेऊन तो घरी आला आणि गोठ्यात जाऊन उगीचच उभा राहिला.

बातमी दुपारपर्यंत थोरल्या भावाच्या, आबासाहेबाच्या कानावर गेली. दसऱ्याला विहिरीच्या पाळीवरून दोघा भावांची वाजली होती, तेव्हापासून बोरमळ्यात एकाच्या दाराकडं दुसरा बघत नव्हता. पण आबासाहेब ह्याच छगनकडून सरपंचकीला पडलेला. छगनच्या घरात नुसता इंजिनिअर आणि आपल्या घरात डॉक्टर, म्हटल्यावर त्याला विहीरबिहीर काही आठवेना. तो धाकट्याच्या ओट्यावर आला, त्याला छातीशी धरलं, त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. काल्याच्या दिवसाची गावपंगत त्यानं आपल्या अंगावर घेतली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर ज्ञानेश्वरी, तिच्या अंगावर कॉम्प्युटरनं चढवलेला पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. 'बोरमळ्याची शान, गावच्या भावी डॉक्टर.'

काकासाहेबानं तोंड उघडायचं ते तेव्हाच. पण भाऊ इतक्या महिन्यांनी हसून बोलत होता. आज सांगू, उद्या सांगू, करता करता काला उजाडला.

*

पुष्पावती, ज्ञानेश्वरीची आत्या, जीपमधून फाट्यावर उतरली आणि फ्लेक्सखाली थांबली. तिनं तो दोनदा वाचला. पहिल्यांदा तिला वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातला असेल. नगरला असले घोळ रोज होतात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मेलेल्या माणसाचा फोटो येतो. जीपवाला पोरगा म्हणाला, "तुमच्याच घरातल्या ना ह्या डॉक्टरीणबाई? नशीब काढलं." ती "व्हय" म्हणाली आणि चालू लागली.

आईच्या दहाव्यानंतर ती मळ्यावर आली नव्हती. आजही आली ती भाचीला न्यायला. उद्या संध्याकाळपर्यंत कॉलेजात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. लेकराला पहिल्या दिवशी एकटं सोडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. तिला स्वतःला तिच्या पहिल्या दिवशी कुणी सोडायला आलं नव्हतं.

घरात सत्यशीला, काकासाहेबाची बायको, लेकीची वेणी घालत होती. नणंदेला बघून तिचा हात थांबला.

"वन्सं, मी फोन करनार हुते," ती म्हणाली. "धीरच झाला न्हाई."

"म्हंजे छापनाऱ्याची चूक न्हाई?"

सत्यशीलानं मान खाली घातली. तिनंच तर नवऱ्याला रेशनकार्डाच्या कामाचं निमित्त सांगून पोरीला अर्ज भरायला नगरला धाडलं होतं. पुढं महिनाभर गोड बोलून बोलून त्याला राजी केलं होतं. ज्ञानेश्वरी अर्धवट वेणीनिशी उठली आणि आत्याच्या पाया पडली. तिथंच खाली वाकलेली असताना म्हणाली, "आत्या, मी नाही सांगितलं तसं. खरंच."

तेवढ्यात काकासाहेब आला. महाप्रसादाला आमटीची पातेली चढली होती, त्या चुलींच्या धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"अक्का, कवा आलीस?"

"फ्लेक्स वाचून झाल्यावर."

तो ओशाळला. हातातला टॉवेल उगाच झटकत बसला. पुष्पावतीनं आवाज चढवला नाही, वॉर्डात भांडणाऱ्या नातेवाइकांशी बोलायची तिची जी रीत होती तीच तिनं इथं वापरली.

"उद्या सांजच्या आत पोरगी कॉलेजात पायजे. ध्यानात हाय ना?"

"मी काय म्हनतो अक्का, यंदा राहू दे," काकासाहेब भिंतीकडं बघत म्हणाला. "अजून एक डाव नीट देऊ दे तिला. लागला नंबर तर लागला. आता गावापुढं..."

"पप्पा, दोनदा दिली," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मला नाही जमत ते. आणि मी रडत रडत नाही चालले नर्सिंगला. आजी शेवटी अंथरुणाला होती तेव्हा मी तिचं सगळं केलं. मला आवडलं होतं ते. मला हेच करायचंय."

"अगं पर लोकांनी डॉक्टर म्हनलंय आता!"

"लोकांना सांगितलं कुनी?" पुष्पावतीनं विचारलं.

उत्तर आलं ते सत्यशीलाकडून. "ह्यांनी."

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याविरुद्ध ती चारचौघांत पहिल्यांदाच बोलली, आणि बोलून पुन्हा वेणी घालायला बसली. काकासाहेबानं बायकोकडं असं पाहिलं, जणू विचारत होता, ही कधीपासून तिकडची झाली.

आबासाहेब नेमका तेव्हाच आत आला. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. "चला रं, कीर्तन संपत आलं. महाराजांच्या हातनं सत्कार हाय, वाट बघाया लावू नका." मग त्याला बहीण दिसली आणि सगळ्यांची तोंडंही दिसली. "काय झालं?"

सांगितलं ते ज्ञानेश्वरीनंच. दोनच वाक्यांत. आबासाहेब खाटेवर बसला.

"नर्स?" तो म्हणाला. मग बहिणीकडं वळला. "हे तुझं काम."

"व्हय. अर्ज भरताना मी बसले हुते तिच्याशेजारी."

"एक नर्स झाली घरात ती पुरली न्हाई व्हय आमाला? तुझ्यापायी भावकीत मान खाली घालून बसलो आमी. आता हिच्यापायी बसायचं?"

पुष्पावतीला ह्यात नवीन असं काही ऐकायला मिळालं नाही. नवऱ्यानं टाकल्यावर ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेली, तेव्हा हाच भाऊ तिला परत न्यायला आला होता. वॉर्डात ती एका म्हाताऱ्याचं शौचाचं भांडं उचलताना त्याला दिसली, आणि तो दारातूनच माघारी फिरला. तेव्हापासून घरात 'पुष्पा नगरला असती' एवढंच म्हणायची रीत पडली. तिथं ती काय करते, हे कुणी विचारलं तर विषय पावसापाण्यावर जायचा. पण आबासाहेबाचं बोलणं तिला कधी लागलं नाही, त्याचा स्वभावच तो. लागलं होतं ते धाकट्याचं. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ते तिच्याच वॉर्डात होते. पडद्याआड ती वडिलांना पुसून घेत होती आणि पडद्याबाहेर काकासाहेब उभा होता. गावचं कुणीतरी भेटायला आलं. "आत कोन हाय?" म्हणून त्यानं विचारलं. तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला हा भाऊ म्हणाला, "हितली नर्स हाय."

ते वाक्य तिनं आजवर त्याला ऐकवलं नव्हतं. आताही ऐकवलं नाही.

आबासाहेबाचा राग फार वेळ टिकत नसे, कारण त्याच्या मागोमाग हिशोब सुरू व्हायचा. बाहेर छगन होता, महाराज होते, अख्खं गाव पंगतीला येणार होतं. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "ऐका. पोरगी उद्या जाऊ दे नगरला. मी आडवा येत न्हाई. पर आज सत्कार घ्यायचा, नारळ घ्यायचा आन् गप बसायचं. चार-पाच वर्सांनी कोन इचारतंय? पांढरं कापड ते पांढरं कापड." त्यानं बहिणीकडं बोट केलं. "आन् तू बी."

काकासाहेबाच्या चेहऱ्यावर जीव आला. ते बघून पुष्पावतीला त्याची कीवही आली आणि शिसारीही.

"जागा जाता कामा नये," ती म्हणाली. "मी गप बसन. सवय हाय मला." मग ती भाचीकडं वळली. "ज्ञाने, तुझं तू बघ. बोल बी म्हननार न्हाई, बोलू नको बी म्हननार न्हाई. पर कुनी बी काय बी म्हनलं तरी उद्या तू माझ्यासंगं येनार. तेवढं पक्कं."

*

देवळाकडं जाताना ज्ञानेश्वरीनं वाक्य जुळवलं होतं. मी डॉक्टर नाही, मी नर्स होणार आहे. मनातल्या मनात ती ते घोकत होती. आत्यानं तिची भीतीच काढून घेतली होती. जागा जाणार नव्हती, बोलली काय आणि न बोलली काय. उरला होता प्रश्न तो फक्त तोंड उघडायचा.

तिला फेटा बांधला. महाराजांनी शाल घातली, नारळ दिला. माइकवर छगन होता आणि मनातली जळजळ गिळून तो चांगलं बोलत होता, हे तिलाही कळत होतं. "आपल्या गावची पैली लेडी डॉक्टर," तो म्हणाला, "आता आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाथर्डीला पळायचं काम न्हाई." टाळ्यांनी मांडव दणाणला. पुढं बसलेल्या शाळेतल्या पोरी तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होत्या. मग त्यानं माइक तिच्या हातात दिला. "बोला डॉक्टर, दोन शब्द."

मांडवात सगळ्यात मागं, बायकांच्या बाजूला खांबाशी आत्या उभी होती. पप्पा चुलींपाशी होते. ते खाली बघत होते.

"सगळ्यांचे आभार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आई-पप्पांचे. महाराजांचे." वाक्य जिभेवर होतं. पण मांडवातली गर्दी इतकी आनंदात होती, आणि त्या आनंदावर पाणी ओतायला ती एकटीच उभी होती. तिनं माइक खाली घेतला.

छगनला वाटलं, पोरगी लाजली. त्यानं वाकून माइकमध्ये विचारलं, "ह्या लायनीला जायाची प्रेरणा कुनाकडनं मिळाली, तेवढं सांगा. पोरींना ऐकू दे."

ज्ञानेश्वरीची नजर आपोआप खांबाकडं गेली. आत्या तिच्याचकडं बघत होती, हसतही नव्हती, रागावलेलीही नव्हती. सुट्ट्यांत नगरला ज्या आत्याच्या खोलीवर ती राहिली, जिच्या ड्यूटीच्या गोष्टी ऐकत ती झोपली, ती आत्या.

"आबांकडून," ज्ञानेश्वरी म्हणाली.

पहिल्या ओळीत आबासाहेब ताठ झाला. टाळ्या पडल्या. मागं खांबाशी आत्यानंही टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरीचे कान तापले. डोक्यावरचा फेटा काढून कुठंतरी पळून जावं असं तिला झालं, आणि ती पायऱ्या उतरून सांगितलेल्या जागी जाऊन बसली.

*

बायकांची पंगत बसली. आबासाहेबाच्या घरची पंगत, तेव्हा वाढायला घरचेच. काकासाहेबाच्या हातात आमटीची बादली होती. त्याला हलकं वाटायला हवं होतं. सगळं पार पडलं होतं, पोरगी गप बसली होती, भाऊ खूश होता. तरी 'आबांकडून' हा शब्द त्याच्या कानातून जाईना. पोर आपल्यासारखी निघाली, हे त्याला चुलीपाशी उभं असताना कळलं होतं आणि त्याचा त्याला आनंद झाला नव्हता.

पत्रावळींवर आमटी वाढत वाढत तो सरकत होता. पुष्पावती ओळीच्या मध्यावर होती. तिच्या उजव्या हाताला रंगुबाई, गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ बाई. समोरच्या ओळीत सत्यशीला आणि फेटा बांधलेली ज्ञानेश्वरी.

रंगुबाई बुंदी चघळत म्हणाली, "पुष्पे, तू बी नगरला दवाखान्यातच असती ना गं? झाडायपुसायला का कशाला?"

"तिथंच असते, मावशी."

"मंग बरं झालं. भाची डॉक्टरीन झाली. आता हिच्याच हाताखाली काम कर. तेवढाच तुला बी आधार. जरा बसून खाशील."

आजूबाजूच्या बायका हसल्या. वाईट मनानं नाही, अशाच. काकासाहेब दोन पत्रावळी अलीकडं होता. त्याला वाटलं, आता अक्का बोलणार. बोलायलाच हवं होतं तिनं. चाळीस खाटांच्या वॉर्डाची ती इनचार्ज सिस्टर, शिकाऊ डॉक्टर तिला विचारून पाऊल टाकत.

"व्हय मावशी," पुष्पावती भात कालवत म्हणाली. "करीन की."

काकासाहेबाला बादली जड झाली. लाज त्याला गेले काही दिवस वाटतच होती, पण ती उघडं पडायची लाज होती. ही दुसरी होती. आपली लाज झाकायला ही बाई स्वतःला झाडूवाली म्हणवून घेतेय, आणि मी हिला एकदा माझी बहीणही म्हणालो नाही. त्यानं बादली खाली ठेवली.

"रंगुमावशी," तो म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला आणि ओळीतल्या माना वर झाल्या. "झाडायपुसायला न्हाई. अक्का नर्स हाय. मोठी नर्स, इनचार्ज. आन् पोरीचा नंबर बी नर्सिंगलाच लागलाय. डॉक्टरकीला न्हाई. मी खोटं बोललो."

पंगत थांबली. मांडवाच्या दाराशी पान खात उभा असलेला छगन पुढं आला. "म्हंजे? डॉक्टर न्हाईच का?" आणि तो हसला, पोट धरून हसला. आबासाहेब खुर्चीवरून उठला, भावाकडं एकदा पाहिलं आणि चप्पल पायात सरकवून मांडवाबाहेर निघून गेला. दसऱ्यापासूनचं भांडण आता आणखी किती दसरे चालणार, हे काकासाहेबाला त्याच्या पाठीवरूनच समजलं.

रंगुबाईचा हात पानातच होता. "मंग खोटं कशाला बोललास मुडद्या?" ती म्हणाली. "नर्स म्हनला असतास तर आमी काय टाळ्या वाजवल्या नसत्या?"

"नसत्या वाजवल्या, मावशी," काकासाहेब म्हणाला. "हिला वाजवल्या हुत्या का कवा?"

रंगुबाईनं पुष्पावतीकडं पाहिलं आणि मग आपल्या पत्रावळीकडं. मघाशी हसलेल्या बायका भाताशी चाळा करू लागल्या.

पुष्पावतीही भावाकडं बघत नव्हती. "पडद्याआडनं मला ऐकू येत हुतं, काका," ती म्हणाली. "हितली नर्स हाय म्हनालास ते."

काकासाहेबाचा चेहरा पार उतरला. त्याला वाटत होतं, ते फक्त त्यालाच ठाऊक आहे. बादली उचलावी की तिथंच बसावं, हे त्याला कळेना. शेवटी बादली उचलून तो पुढच्या पानाकडं गेला, कारण पानं रिकामी होती आणि वाढायला दुसरं कुणी नव्हतं.

समोरच्या ओळीतून ज्ञानेश्वरी उठली. फेटा काढून तिनं आईच्या मांडीवर ठेवला आणि आपली पत्रावळ घेऊन आत्याच्या डाव्या हाताला येऊन बसली. आजूबाजूला पुन्हा जेवणाचे आवाज सुरू झाले.

"आत्या," ती म्हणाली, "मी सांगणार होते. आता तर सगळ्यांना कळलंच. पप्पा बोलले म्हणून बरं झालं."

"बरं झालं?" पुष्पावतीनं घास खाली ठेवला. आवाज बारीकच होता, शेजारच्या रंगुबाईलाही ऐकू गेला नसेल. "माइक तुझ्या हातात हुता, ज्ञाने. मी बी आज गप बसले, त्याची लाज माझी मला हाय. पर माझी नोकरी सरत आली आन् तुझी अजून सुरू व्हायचीय. उद्या वॉर्डात डॉक्टर चुकीचं इंजेक्शन लिहून गेला, सगळे त्याला साहेब साहेब करत असले, आन् चूक एकट्या तुला दिसली, तर बोलायचं कुनी? बाप येनार हाय का तुझा तिथं?"

पत्रावळीवरचा भात ज्ञानेश्वरीला धूसर दिसायला लागला. आत्यानं पुन्हा जेवायला सुरुवात केली होती. काकासाहेब बादली घेऊन ओळीतून परत आला, लेकीच्या पानापाशी थांबला आणि वाढू का, म्हणून त्यानं विचारलं, पण दोघांनाही एकमेकांकडं बघता येईना.